आधी झाडे, मग पिंजरे

राणीच्या बागेचे मूळ भायखळ्यात नसून शिवडीत आहे. पश्चिम हिंदुस्थानची कृषी व उद्यानविद्या संस्था मुंबईत १८३० साली स्थापन झाली. काही वर्षांतच तिला शिवडीला सरकारी जागा मिळाली आणि तिथे तिने वनस्पती उद्यान उभे केले. फिरायला येणाऱ्यांची सोय हा त्या बागेचा मुख्य हेतू नव्हता. देशोदेशीचे बियाणे मागवायचे, ते कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि मुरमाड जमिनीत रुजते का ते पाहायचे, रुजले तर रोपे आणि कलमे करून वाटायची, असे ते काम होते. इंग्रज अधिकारी, पारशी शेटजी आणि नाना शंकरशेटांसारखे हिंदू व्यापारी या कामात एकत्र आले होते. शाळा, रेल्वे, पालिका अशा मुंबईच्या प्रत्येक मोठ्या उपक्रमात नाना असत. झाडांच्या या संस्थेतही ते होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

शिवडीची जागा पुढे सोडावी लागली. सोनापूरची जुनी दफनभूमी भरून गेली होती. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५च्या सुमारास शिवडीच्या जागेवर नवी ख्रिस्ती दफनभूमी केली. त्याआधीच, १८६१ मध्ये, संस्थेची बाग माझगावच्या माउंट इस्टेटमध्ये, म्हणजे आजच्या भायखळ्याच्या जागेत, हलवायला सुरुवात झाली होती. नवी जागा ३३ एकरांची होती. ज्या संस्थेने हे सारे केले ती आजही पुण्यात आहे आणि तिथली एम्प्रेस गार्डन तिच्याच देखरेखीखाली चालते. म्हणजे मुंबईची राणीची बाग आणि पुण्याची एम्प्रेस गार्डन या एका घरातल्या दोन लेकी आहेत, फक्त त्यांची सासरे वेगळी.

भायखळ्याच्या या जागेवर आणखी एक धागा येऊन मिळाला, तो वस्तुसंग्रहालयाचा. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून शेतमाल, धातू, कापड, कारागिरीचे नमुने गोळा झाले होते. त्यांचा एक संच मुंबईत ठेवून त्याचे छोटे संग्रहालय कोटातल्या लष्करी बराकीत मांडले गेले. १८५७ चा उठाव झाला, बराकी सैन्याला हव्या झाल्या आणि हे नमुने तातडीने बाहेर काढण्यात आले. त्यात बरेच काही खराब झाले, बरेच हरवले. जे उरले ते सांभाळण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी अंगावर घेतले. बर्डवुड यांचा जन्म बेळगावचा. पेशाने डॉक्टर असले तरी त्यांचा जीव वनस्पतींत आणि इथल्या कारागिरीत होता. उद्यान संस्थेचे चिटणीसपदही त्यांच्याकडेच होते. त्यामुळे संग्रहालय आणि बाग एकाच आवारात असावी ही कल्पना पुढे आली तेव्हा ती लगेच मूळ धरू शकली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट त्यांच्यासोबत होते.

१८५८ मध्ये कंपनी सरकार जाऊन राणीचा अंमल सुरू झाला. त्या निमित्ताने मुंबईकरांनी वर्गणीतून काही कायमचे उभारावे असे ठरले. संग्रहालयाला राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती आल्बर्ट यांचे नाव मिळाले, बागेला राणीचे. लोकांनी मात्र ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ हे लांबलचक नाव उंबऱ्याबाहेर ठेवले आणि सरळ ‘राणीची बाग’ म्हणायला लागले.

१९ नोव्हेंबर १८६२ ही या बागेची जन्मतारीख. त्या दिवशी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला बसवली आणि लेडी फ्रिअर यांनी बाग लोकांसाठी खुली केली. बागेतल्या ग्रीक धाटणीच्या छोट्या मंडपाला आजही त्यांचेच नाव आहे. ते दिवस मुंबईच्या तेजीचे होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचत नव्हता आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. शेटजींच्या तिजोऱ्या भरत होत्या आणि वर्गणीच्या याद्याही. ‘सां सुसी’ हा डेव्हिड ससून यांचा वाडा बागेच्या शेजारीच होता. आज तिथे मसिना हॉस्पिटल आहे. बागेच्या आवारात संग्रहालयाजवळ उभा असलेला घड्याळाचा मनोरा ही ससून यांचीच देणगी.

१८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली आणि मुंबईचा बाजार कोसळला. बँका बुडाल्या, लखपती रस्त्यावर आले, वर्गणीची आश्वासने हवेत विरली. नाना शंकरशेट त्याच वर्षी जुलैत गेले. संग्रहालयाच्या भिंती अर्ध्यावर थांबल्या. शेवटी सरकारने हात दिला आणि २ मे १८७२ रोजी इमारतीचे दार उघडले. बागेचे मात्र तसे झाले नाही. इमारतीला पैसा लागतो, झाडाला पाणी आणि वेळ. बाजार कोसळला त्या वर्षी लावलेली रोपे आपल्या गतीने वाढत राहिली. मुंबईच्या इतिहासात तेजीमंदीचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. त्या पडझडीतही कुणीतरी रोज या बागेच्या आळ्यांत पाणी घालत होते, याची नोंद कुठल्याच हिशेबात नाही. म्हणून ती इथे करतो.

या पहिल्या दशकातली एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण बाग स्थापण्यामागचा हेतू काय होता ते तिच्यातून नेमके कळते. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्यावरून लोबानासारखा सुगंधी डिंक फार प्राचीन काळापासून जगभर जात होता. देवळांत, चर्चमध्ये तो जाळला जाई आणि त्याचा मोठा व्यापार मुंबई बंदरातून चाले. पण तो नेमक्या कोणत्या झाडाचा, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत गोंधळ होता. आपल्या साळईच्या कुळातलीच ही झाडे, एवढे ठाऊक होते. एडनचे इंग्रज अधिकारी प्लेफेअर यांनी सोमाली किनाऱ्यावरून जिवंत रोपे मिळवून मुंबईला पाठवली. ती राणीच्या बागेत लावली गेली. बर्डवुड यांनी त्यांची पाने, साल, फुले पारखून अभ्यास केला आणि १८७०च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला.

त्या लेखात त्यांनी नव्या जातींना नावे दिली. एक नाव मुंबईचे डॉ. कार्टर यांच्यावरून होते, एक गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून आणि एक भाऊ दाजींवरून. ‘बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना’. गोव्यातल्या मांद्र्यातून आलेला एका गरीब घरातला मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला, त्याने कुष्ठरोगावर देशी औषधांचा शोध घेतला, शिलालेख वाचले, आणि त्याचे नाव एका झाडाच्या लॅटिन नावात गुंफले गेले. पुढच्या शास्त्रज्ञांनी ही जात दुसऱ्या एका जातीत समाविष्ट केली, त्यामुळे ते नाव आज वापरात नाही. तरी वनस्पतींच्या नोंदवह्यांत ते जपलेले आहे. ज्या बागेच्या आवारात आज भाऊ दाजींच्या नावाचे संग्रहालय आहे, त्याच बागेतल्या रोपांच्या अभ्यासातून हे घडले. राणीच्या बागेच्या माहितीफलकांवर पहिली ओळ याचीच असावी, असे मला मनापासून वाटते.

१८७३ मध्ये संस्थेने बाग मुंबई म्युनिसिपालिटीच्या ताब्यात दिली. या हस्तांतराने बागेचा स्वभाव हळूहळू बदलला. प्रयोगाची जागा ही ओळख मागे पडून ती शहराची मोकळी जागा झाली. मात्र प्रयोगाचा वारसा पुसला गेला नाही. उद्यान अधीक्षक आणि माळी नव्या जाती लावत राहिले, मुंबईच्या रस्त्यांसाठी आणि इतर बागांसाठी इथल्या रोपवाटिकेतून झाडे जात राहिली, आणि कॉलेजांचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी वही-पेन्सिल घेऊन इथे येत राहिले.

मग १८९० साली पालिकेने लगतची १५ एकर जागा जोडली ती प्राण्यांसाठी. बाग सुरू होऊन तोवर २८ वर्षे झाली होती. मुंबईचा सर्वसामान्य माणूस बागेकडे वळला तो यानंतर, आणि त्याला कारणही तसेच होते. परळ, लालबाग, चिंचपोकळी, माझगाव या भागात गिरण्यांची धुरांडी एकामागून एक उभी राहत होती. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या कामगाराला आणि त्याच्या बायकापोरांना सुट्टीच्या दिवशी परवडणारी आणि हिरवी अशी ही एकच जागा होती. रत्नागिरीहून, साताऱ्याहून गावची माणसे आली की त्यांना दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या असत: महालक्ष्मी, चौपाटी आणि राणीची बाग. डबा बांधून यायचे, मोठ्या झाडाखाली सतरंजी टाकायची, पोरांना हत्तीवर किंवा उंटावर बसवून एक फेरी मारून आणायची, संध्याकाळी चालत चाळीत परतायचे. गिरणगावाच्या चार पिढ्यांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तो इथे. पिंजरे लहान होते, जनावरांचे हाल होत होते, हेही तितकेच खरे. त्या काळी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत तीच रीत होती, पण म्हणून त्या जनावरांचे दुःख कमी होत नाही. आज ती जुनी पिंजऱ्यांची पद्धत गेली, हे चांगलेच झाले.

शहराला जे नको झाले ते राणीच्या बागेने ठेवून घेतले. याची सुरुवात घारापुरीच्या हत्तीपासून झाली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो बेटाच्या किनाऱ्याजवळ उभा होता. १८१४ मध्ये त्याची मान तुटून पडली. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि बरीच वर्षे तसेच पडून राहिले. १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला गेला. संग्रहालयाजवळ तो आजही आहे. जवळ जाऊन पाहिले तर अंगावरचे सांधे दिसतात.

पन्नास वर्षांनंतर पुतळ्यांची पाळी आली. १९६५ मध्ये कोटातून इंग्रजी काळातले पुतळे हलवले गेले. ज्याच्यामुळे ‘काळा घोडा’ हे नाव पडले तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला आणि १८७९ मध्ये बसवलेला. तो बागेत आला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून झालेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही संग्रहालयाच्या मागच्या अंगणात आला, तिथेच कॉर्नवालिस आणि वेलस्लीही आले. स्वतंत्र देशाने हे पुतळे चौकांतून काढले ते योग्यच केले. ते फोडून टाकले नाहीत, झाडांच्या सावलीत इतिहास म्हणून ठेवले, हेही योग्य केले. साठच्या दशकाच्या अखेरीस बागेचे नाव बदलून ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ झाले. मुंबई महाराष्ट्राची झाली, त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत याच गिरणगावाचे लोक आघाडीवर होते, तेव्हा त्यांच्या अंगणातल्या बागेला जिजाऊंचे नाव मिळणे फार उचित होते. १९७५ मध्ये संग्रहालयालाही भाऊ दाजींचे नाव मिळाले. बागेच्या आवारातच अण्णाभाऊ साठे यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. बोलताना मात्र लोक अजून ‘राणीची बाग’च म्हणतात. त्यात राणीचे प्रेम नाही, सवय आहे, आणि आता राणी म्हणताना व्हिक्टोरिया कुणाच्या मनातही येत नाही.

आता झाडांकडे येतो. तीन हजारांवर झाडे आणि अडीचशेहून अधिक जाती या बागेत नोंदल्या गेल्या आहेत. मुंबईसारख्या शहरात एका कुंपणाच्या आत एवढी विविधता हा मोठा ठेवा आहे. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. तिचे फुगीर खोड पाणी साठवते, वर्षाचे बरेच महिने ती निष्पर्ण असते, फुले रात्री उमलतात आणि परागीकरण वटवाघळे करतात. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याला फांद्यांच्या टोकाला नव्हे, थेट खोडावर दोरखंडांसारख्या डहाळ्यांतून फुले येतात. गुलाबी पाकळ्यांच्या आत नागाच्या फणीसारखा केसरांचा झुबका वाकलेला असतो आणि त्याखाली पिंडीसारखा गोल. हे फूल जवळून पाहिल्यावर परदेशी झाडाला आपल्या लोकांनी हे नाव का दिले ते वेगळे सांगावे लागत नाही. त्याची तोफगोळ्याएवढी फळे पडून फुटली की वास दूरवर जातो, म्हणून माळी ती लगेच उचलतात. ब्रह्मदंडाची लांबट, दुधीभोपळ्यासारखी फळे दोरीला टांगल्यागत लोंबतात. सीतेचा अशोक आहे, ज्याची लोक अजूनही रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाशी गल्लत करतात.

आणि उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेले हे झाड जगातल्या सर्वांत सुंदर फुलझाडांत गणले जाते. हिवाळ्यात आणि त्यानंतर त्याला लाल घोस लागतात. घोस फांदीवरून खाली लोंबतो, प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो, आणि कोवळी पाने सुरुवातीला तांबूस, मऊ, लुळी लोंबतात, मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. उर्वशीला शेंगा फार क्वचित धरतात. म्हणून बियांवर भरवसा ठेवता येत नाही. फांदी न तोडता तिच्यावर गुटी बांधून किंवा ती मातीत दाबून मुळे फुटेपर्यंत वाट पाहावी लागते. ही गुटी कशी बांधायची, शेवाळ किती ओले ठेवायचे, कापायची कधी, हे पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्या माळ्याच्या हाताखाली राहूनच ते येते. उद्यान खात्यात पिढ्यान्‌पिढ्या हे हात तयार झाले. बागेच्या इतिहासात गव्हर्नर, शेटजी, डॉक्टर यांची नावे येतात. माळ्यांची येत नाहीत. खरे तर बाग त्यांनी टिकवली आहे.

या ठेव्यावर २००७ मध्ये संकट आले. पालिकेने बागेच्या कायापालटासाठी थायलंडच्या एका सल्लागार कंपनीकडून आराखडा करून घेतला. खर्च सुमारे ४३३ कोटी रुपये. प्राण्यांसाठी मोठी दालने, नवी बांधकामे, जगातल्या वेगवेगळ्या प्रदेशांचे देखावे असे त्यात बरेच काही होते. जुन्या वृक्षांचे काय होणार, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. तेव्हा काही नागरिक पुढे आले, त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांनी घोषणांइतकेच महत्त्व मोजदादीला दिले. बागेतले झाड न् झाड ओळखले, त्याची नोंद केली, यादी पालिकेपुढे आणि वारसा समितीपुढे ठेवली. ही वनस्पती उद्यान म्हणून स्थापन झालेली जागा आहे आणि तिचा वारसा म्हणजे ही झाडे, हा त्यांचा मुद्दा होता. वारसा समितीने हरकत घेतली, आराखडा मागे घ्यावा लागला आणि पुढे तो पूर्ण बदलला. बागेच्या दीडशे वर्षांच्या निमित्ताने याच मंडळींच्या खटपटीतून एक पुस्तकही निघाले. १८६२ मध्ये बर्डवुड आणि भाऊ दाजींनी जे आरंभले त्याला या मोजदादीने पुन्हा हात घातला, असे मी मानतो. त्याच सुमारास शेजारच्या संग्रहालयाचाही जीर्णोद्धार पूर्ण झाला होता. २००३ पासून सुरू असलेल्या त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

प्राण्यांचे नवे पर्व २०१६ मध्ये सुरू झाले. जुलैत सेऊलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आले. त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला, त्यावरून शहरात मोठा वाद झाला. मार्च २०१७ मध्ये त्यांचे दालन लोकांना खुले झाले आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पिल्लू जन्मले. ते आठवडाभरच जगले, पण पुढे पिल्ले जगू लागली. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली. प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नासवर गेले, तरी गर्दी वाढतच राहिली. फेब्रुवारीच्या सुमारास भरणारे पालिकेचे झाडे-फुलांचे प्रदर्शन आणि रोज सकाळी फिरायला येणारे शेजारी यांच्यामुळे बागेची जुनी ओळखही शाबूत आहे. प्रदर्शनाच्या दिवसांत पानाफुलांच्या मांडणीपुढे फोटो काढायला जेवढी रांग असते, तेवढीच रोपे, खते, बी-बियाणे घेणाऱ्यांचीही असते. हे पाहून शिवडीच्या त्या पहिल्या बागेची आठवण होते.

आता बागेच्या लगत असलेल्या मफतलाल मिलच्या जमिनीचा काही भाग विस्तारासाठी पालिकेकडे आला आहे. ज्या गिरण्यांचे कामगार रविवारी डबा बांधून या बागेत येत, त्यांतल्याच एका गिरणीची ही जमीन. १८९० ची वाढीव जागा प्राण्यांसाठी गेली. या वेळी वाढीव जागेतला काही भाग झाडांसाठी राखून ठेवावा, तिथे उर्वशीची नवी कलमे लावावीत, बागेतल्या म्हाताऱ्या वृक्षांची रोपे तयार करावीत, आणि सोमाली किनाऱ्यावरचा तो सुगंधी डिंकाचा वृक्ष पुन्हा एकदा आणून भाऊ दाजींच्या नावाच्या पाटीसह लावावा, अशी पालिकेच्या उद्यान खात्याला आग्रहाची विनंती आहे.